आजची बरी गोष्ट

हे मी लिहिणार नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. एकदा तर मोबाईल उशाखाली सारला आणि झोपून गेलो. ‘मी’ म्हणून लिहायला गेलं की बोट अडतं. म्हणून त्याला इंद्रजित म्हणतो. इंद्रजित उत्रोलीचा, मी पण उत्रोलीचा, एवढं कळलं तरी बास.

तर इंद्रजित.

पाच वर्षं त्यानं पोलीस भरती केली. भरती केली म्हणजे भरतीची तयारी केली, आमच्याकडं तसंच म्हणतात. पहाटे चारला उठायचं, भोरच्या रस्त्यानं पळायचं, आल्यावर मोड आलेली मटकी खायची. एकदा मैदानी चाचणीत गेला, एकदा लेखीत दोन मार्कांनी. मग वय संपलं. वय संपलं म्हणून माणूस संपत नाही, पण फॉर्ममधल्या त्या रकान्यात तो आता बसत नव्हता. गावच्या दूध डेअरीत माणूस पाहिजे होता, तिथं लागला.

पायांना मात्र हे कुणी सांगितलं नाही. चारला डोळा उघडतोच. उघडला की तो पडून राहायचा, पत्र्याकडं बघत. मग सहाला डेअरी.

दुःख नव्हतं. लोकांना वाटायचं पोरगं दुःखात आहे. दुःख असतं तर रडून तरी मोकळा झाला असता. गरम चहानं जीभ भाजली की दोन दिवस कशाची चव लागत नाही ना, तसं. फक्त दोन दिवसांच्या जागी आठ महिने. आईनं मटण केलं तरी तेच, मेथी केली तरी तेच. मामेबहिणीच्या हळदीत नाचला. नाचला म्हणजे हात वर केले.

हे ओळखलं एकट्या फुरकाननं.

फुरकान भोरचा. दोघं भोरला बारावीपर्यंत एका बाकावर. आता तो दुधाचा टेम्पो चालवतो. सकाळी आमच्याकडच्या चार-पाच डेअऱ्यांचे कॅन भरायचे आणि भोरच्या चिलिंग सेंटरला नेऊन ओतायचे. एक दिवस कॅन चढवता चढवता म्हणाला, “इंद्या, तू हसतोस तवा नुसते दात दिसतात.”

“मग काय दिसायला पायजे?”

“ते मला काय म्हाईत. पण दातांच्या मागं कुणीतरी असायला पायजे की लेका.”

इंद्रजित हसला. दात दिसले.

फुरकानची बहीण सदफ नर्सिंग करते. तिला त्यानं विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरला तो डॉक्टर होऊनच उतरला. “रोज एक बरी गोष्ट लिवायची. डोळ्यानं बघितलेली. मोठी नको. चांगलं वाटायची बी सवय लावावी लागते म्हणं, तू पळायची लावलीवतीस तशी. तीन म्हैने.”

“वही न्हाई माझ्याकडं.”

“फळा हाय की.”

डेअरीच्या दारात फळा आहे. वर दुधाचं फॅट, डिग्री, कधी कुणाचा दशक्रिया विधी, कधी लाईट जाणार त्याची सूचना. सगळ्यात खाली सुविचार. हा सुविचार इंद्रजित मोबाईलमधून बघून लिहायचा आणि तो कुणीही वाचायचं नाही, इंद्रजितसुद्धा. फुरकाननं बाहीनंच सुविचार पुसला. खडू इंद्रजितच्या हातात दिला आणि टेम्पो सुरू करून निघून गेला.

इंद्रजितनं लिहिलं: ‘आजची बरी गोष्ट. सकाळची एसटी वेळेवर आली.’

एवढंच सुचलं.

पण झालं काय, लोकांनी ते वाचलं. किटली टेकवून उभे राहिले. गेनबाआप्पा, ज्यांचं घर डेअरीला लागून आहे आणि तोंड सगळ्या गावाला लागून, ते म्हणाले, “येष्टी येळेवर आली ही बातमी न्हाई, चमत्कार हाय. तारीख टाक खाली.”

मग रोज सुरू झालं. ‘गेनबाआप्पांची मोटर दुरुस्त झाली.’ ‘शाळेपुढच्या खड्ड्यात मुरूम टाकला.’ ‘ओढ्याकडचं भात निसवलं, लोंब्या दिसल्या.’ रांगेत लोक स्वतःहून सांगायला लागले. एकीनं तर सांगितलं, माझी सासू आज चहाला चांगला म्हणाली, लिव. इंद्रजितनं लिहिलं. सासूनं संध्याकाळी येऊन पुसायला लावलं.

गाव हसायचं. इंद्रजित खडू झटकायचा.

फुरकान रोज विचारायचा, “काय वाटलं?”

“काय न्हाई.”

“वाटंल. चल, कॅन धर.”

खरं सांगायचं तर इंद्रजितला ते फॅट लिहिल्यासारखंच होतं. मशीनमध्ये आकडा येतो, आपण लिहितो. पण सवय मात्र लागली. फळ्याचा तो खालचा कोपरा मोकळा राहिला की त्याला कसंतरी व्हायचं. चांगलं वाटत नव्हतं, नुसतं मोकळं बघवत नव्हतं. आणि तिथंच घात झाला.

बाविसावा दिवस. सकाळपासून काहीच झालं नव्हतं. कुणी काही सांगितलं नाही, त्यानं काही बघितलं नाही. दूध मोजून झालं, रांग संपत आली, लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला आणि कोपरा मोकळाच. शेवटी साळूबाई आल्या.

साळूबाई साठीच्या. एकट्या. दोन म्हशी, एक दुभती, एक व्यायला टेकलेली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. एकुलता एक लेक कुमार किकवीला, हायवेवरच्या हॉटेलात भजी तळतो. उत्रोली ते किकवी किती, दुचाकीवर अर्धा तास फार तर. दोन वर्षांत तो आला नव्हता. तरी साळूबाई म्हशीचा विषय निघाला की म्हणायच्या, “व्याली की कुमार येतोय खरवसाला.” मागच्या वर्षी पण म्हणायच्या. गाव ‘व्हय व्हय’ करायचं आणि पुढं सरकायचं. त्यावर कुणी काही विचारायचं नाही, हे न ठरवता सगळ्या गावाचं ठरलेलं होतं.

त्या दिवशी पण साळूबाई दूध ओतता ओतता तेच म्हणाल्या. हॉर्न जवळ आला. इंद्रजितनं लिहिलं: ‘साळूबाईंचा कुमार खरवसाला गावी येणार.’

कोपरा भरला. तो कॅन ओढायला गेला.

तोंडानं म्हटलेलं वाऱ्यावर जातं. पण फळ्यावर, फॅट आणि डिग्रीच्या खाली, दशक्रिया विधीच्या तारखा जिथं येतात तिथं आलेलं म्हणजे पक्कं. संध्याकाळी साळूबाई किटली घेऊन आल्या तेव्हा रांगेत सात-आठ माणसं होती. त्यांना वाचता येत नाही. गेनबाआप्पांनी वाचून दाखवलं. “साळूबाई, कुमार येतोय! हे बघा, फळ्यावर आलंय.”

साळूबाई जागच्या जागी थांबल्या. फळ्याकडं बघितलं, जणू अक्षरं ओळखू येणार आहेत. मग रांग सोडून थेट खिडकीशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “इंद्या, तुला फोन आलावता व्हय रं त्याचा?”

म्हणजे बघा. बातमी त्यांचीच. सकाळी त्यांच्याच तोंडातून निघालेली. पण फळ्यावर आली म्हणून त्यांनाच खरी वाटली.

‘न्हाई काकू, तुमीच म्हनलात म्हणून लिवलं,’ एवढं म्हणायचं होतं. मागं रांग. सगळे ऐकतायत. साळूबाईंचे दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर, बोटांना शेण. इंद्रजितची मान हलली. खाली-वर.

“बगा,” साळूबाई रांगेकडं वळून म्हणाल्या, “मी म्हनत न्हवते?”

दूध घालून त्या इतक्या घाईनं गेल्या की किटलीचं झाकण तिथंच राहिलं.

ते झाकण इंद्रजितनं उचललं आणि त्याच्या पोटात काहीतरी झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. भूक नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैस व्याली. रेडी झाली. जार म्हणजे वार, तीही वेळेत पडली. पहिले काही दिवस चिकाचं दूध डेअरी घेत नाही, ते घरातच राहतं. आमच्यात त्याचा खरवस करतात, देवापुढं ठेवतात आणि आळीत वाटीवाटीनं वाटतात. साळूबाईंनी कुणालाच दिला नाही. पहिल्या धारेचा सगळा चीक गेनबाआप्पांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवला. “कुमार आला की ताजा करते,” म्हणाल्या. घरासमोरच्या भिंतीवर कुमारची गोधडी वाळत घातली.

डेअरीवर येणारा प्रत्येकजण ती गोधडी बघत आला.

“आला का रं कुमार?” आप्पांनी इंद्रजितला विचारलं. फोन त्यालाच आला होता ना. “लवकर ये म्हणावं. माझ्या फ्रीजात भोपळ्याला जागा न्हाई. आणि चीक काय लोणचं हाय व्हय, म्हैनाभर ऱ्हायला?”

त्या दिवशी इंद्रजितनं फळ्यावर ‘साळूबाईंची म्हैस व्याली’ लिहिलं. खरं होतं. लिहिताना खडू दोनदा तुटला.

गोधडी वाळत घातल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं फुरकानला सांगितलं. सगळं, मान हलवल्याचं पण. फुरकान कॅन अर्धा उचललेला तसाच धरून उभा राहिला.

“मी बघितलेलं लिव म्हनलोवतो.”

“व्हय.”

“खोटं लिव म्हनलोवतो?”

“काकू रोज म्हणत्यात ते—”

“म्हातारी म्हणती. म्हातारीला म्हणायचा हक हाय. तुला न्हाई.” त्यानं कॅन आदळला. दूध झाकणातून बाहेर आलं. परत उचलून टेम्पोत चढवला. मग फुरकान म्हणाला, “बस गाडीत. चिलिंगला ओतू आन तसंच किकवीला जाऊ.”

“जाऊन काय करायचं?”

“मला काय म्हाईत? भजी खाऊ.”

भोरला कॅन रिकामे केले. कापूरहोळवरनं हायवेला लागले. रिकामे कॅन मागं खडखडत होते. फुरकान एरवी गाडीत गाणी लावतो, त्या दिवशी लावली नाहीत.

कुमार कढईवर होता. बारीक झालेला, कपाळाला घाम. इंद्रजितला बघून पहिलं वाक्य बोलला, “आई बरी हाय ना?”

“बरी हाय.”

मग त्यानं झारा खाली ठेवला. तिघं मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले. इंद्रजितनं सांगितलं. एका दमात, जमिनीकडं बघत. फळा, मान, गोधडी, फ्रीज.

कुमार ऐकत होता. शेवटी म्हणाला, “खरवसाला येतोय, आसं म्हणती ती?”

“रोज.”

“बाप गेला तवा मी पोचलो ते राख झाल्यावर. हॉटेलवाला सुट्टी देईना, मग हायवे जाम. दारात गेलो. सगळं गाव बसल्यालं. आन आई सगळ्यांच्या म्होरं काय म्हणली म्हाईत हाय? ‘आता आलास व्हय? खरवस खायाला?’”

फुरकाननं मान दुसरीकडं वळवली.

“तिसरा दिवस उरकून निघालो ते न्हाई गेलो परत. आन ही गावाला सांगती येतोय म्हणून.” कुमार हसला. इंद्रजितनं ते हसू ओळखलं. दात होते, मागं कुणी नव्हतं.

“चल की,” इंद्रजित म्हणाला. “टेम्पो हाय. संध्याकाळी आणून सोडतो.”

“न्हाई.”

“तासाभरासाठी—”

“न्हाई म्हणलं ना. तू लिवलंस म्हणून येऊ का मी? फळ्यावर?”

आतनं कुणीतरी हाक मारली, कांदाभजी दोन. कुमार निघाला. दोन पावलं गेला, थांबला, आणि मागं न बघता विचारलं, “रेडी झाली का रेडा?”

“रेडी.”

“हां,” म्हणाला आणि आत गेला.

गावात शिरताना फुरकान म्हणाला, “मी येऊ का संगं?”

“नको.”

साळूबाई गोठ्यात होत्या. रेडीला पेंढ्यानं चोळत होत्या. इंद्रजित दारातच उभा राहिला. पळायची चाचणी देताना शिट्टी व्हायच्या आधी जसं छातीत धडधडायचं तसं धडधडत होतं. कितीतरी महिन्यांनी.

“काकू, कुमारचा फोन आला न्हवता. तुमी म्हनलात ते मी लिवलं. तुमी इच्चारलं तवा मी खोटी मान हलवली.”

साळूबाईंचा हात थांबला नाही.

“आज किकवीला गेलोवतो. तो येत न्हाई म्हनला.”

पेंढा रेडीच्या पाठीवरनं मानेकडं, मानेकडनं पाठीवर.

“मला वाटलंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “करनार आसता तर तुला कशाला केला आसता फोन. तू काय त्याचा मामा?”

“मग इच्चारलंत कशाला?”

“इच्चारावं वाटलं.”

म्हैस रवंथ करत होती.

“मी काय बोललेवते त्या दिशी, ते बी सांगितलं आसंल त्यानं.”

“सांगितलं.”

“मानूस मेल्यावर तोंडाला कोन लगाम घालतं का.” मग स्वतःशीच, “घालाय पायजे व्हता.”

इंद्रजितला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. तो पण नाही. साळूबाईंनी पेंढ्याची नवी मूठ घेतली आणि परत चोळायला लागल्या.

“आजून काय म्हनला का?”

“रेडी झाली का रेडा, ते इच्चारलं.”

आता मात्र हात थांबला. “आसं इच्चारलं?”

“व्हय.”

“सांगितलंस ना रेडी म्हनून?”

“सांगितलं.”

साळूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “जा, आप्पाच्या घरनं चीक आन. सगळा आन. आजून एक दीस ठिवला तर नासंल, मग ना त्याला ना कुनाला.” तो वळला तसं मागनं म्हणाल्या, “आन झाकन कुठाय माझ्या किटलीचं? दोन दीस फडकं बांदून दूध आनती मी!”

त्यांनी गूळ किसून घातला, वेलदोडा घातला, चुलीवर वाफवला. आळीत वाटीवाटी गेली. आप्पांना दोन वाट्या, फ्रीजच्या भाड्याच्या. आणि एक स्टीलचा डबा वेगळा काढला, फडक्यात गुंडाळला. “तुज्या त्या टेम्पोवाल्याला म्हनावं किकवीला पोच कर. काय बोलायचं न्हाई. डबा द्यायचा आन यायचं.”

फुरकान दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून गेला. कुमार बाहेर आला नाही. गल्ल्यावरच्या माणसानं डबा आत नेला. फुरकान एक चहा पिऊन होईस्तोवर थांबला, डबा रिकामा होऊन परत येतो का बघत. आला नाही. फुरकान निघून आला.

त्याच सकाळी इंद्रजितनं फळा सगळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कुमार येणार ही बातमी मी खात्री न करता लिहिली. चूक माझी. इंद्रजित.’

गेनबाआप्पांनी ते दोनदा वाचलं. “आता माफी बी फळ्यावर व्हय? आरं मग ह्या गावाला एक फळा पुरंल का?” मग जाताना खांद्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला आणि गेले.

त्यानंतर चार दिवस खालचा कोपरा मोकळा होता. इंद्रजित फॅट लिहायचा, डिग्री लिहायचा, खडू खाली ठेवायचा. रांगेतले कोपऱ्याकडं बघायचे आणि किटल्या पुढं करायचे. साळूबाई दोन्ही वेळेला यायच्या. ‘कुमार येतोय’ म्हणायचं त्यांनी बंद केलं होतं. आता दुसरंच विचारायच्या.

“डबा आला का रं?”

“न्हाई काकू.”

“बरं.”

आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं कुणी ठेवून घेत नाही, आणि रिकामं तर कधीच परत देत नाही. मूठभर तांदूळ, चार शेंगा, काहीतरी घालून देतात. हे कुमारला पण माहीत आहे. त्यामुळं डबा येत नाही याचा अर्थ काय लावायचा, हे साळूबाईंना कळत नव्हतं, इंद्रजितला पण नाही. तो टाकून दिला असेल. किंवा नसेल.

पाचव्या दिवशी फुरकाननं कॅन चढवले आणि गाडीत न बसता फळ्यापुढं जाऊन उभा राहिला.

“बंद केलंस?”

“व्हय.”

“का?”

“मला जमत न्हाई ते. एक म्हातारी फसवली मी त्याच्यापायी.”

“आन तवा काय वाटलं तुला? तिनं इच्चारलं तवा?”

इंद्रजितनं विचार केला. “वाईट वाटलं. लई वाईट. पोटात.”

“वाटलं ना?” फुरकान म्हणाला. “मग चालू हाय की तुजं मशीन. मी समजलोवतो जळलं.”

इंद्रजितला हसू आलं का, ते सांगता येत नाही. नाकातनं वारा गेला एवढं खरं. जिभेवर अजून तेच होतं, चव नसल्यासारखं. आळीत वाटला त्या दिवशी साळूबाईंच्या वाटीतला खरवस आईनं पुढं ठेवला होता, तो गोड आहे हे त्याला कळलं होतं. आवडला का, ते माहीत नाही. पण गोड आहे, एवढं कळलं होतं.

फुरकाननं खडू पुढं केला. “सदफनं तीन म्हैने सांगितल्यात. तू बाविसाव्याला घसरलास. मैदानात पडला तर काय करत व्हतास?”

“उठून पळत व्हतो.”

“नापास झालास तरी?”

“तरी.”

लांब पुढच्या गावची डेअरी वाट बघत होती, सूर्य वर आला होता, कॅनवर माश्या बसायला लागल्या होत्या. फुरकानला निघायला पाहिजे होतं. तो हलला नाही.

इंद्रजितनं खडू घेतला. बराच वेळ फळ्यासमोर उभा राहिला. मग लिहिलं: ‘आज काय नाही.’

“हे बी चालतंय?” त्यानं विचारलं.

“खरं हाय का?”

“खरं हाय.”

“मग चालतंय. पण रोज लिवनार? माझ्या गळ्याची शपत घे.”

“शपथ नको,” इंद्रजित म्हणाला. “सांगतो तुला. रोज लिवीन. बघितलंय तेवढंच लिवीन. काय नसलं तर काय नाही म्हणून लिवीन. आन डबा जर कधी आला, फुरक्या, तर फळ्यावर लिवायच्या आधी काकूंना सांगीन, आन काकूंच्या नंतर तुला.”